पेलेल का?

माणसाला एखादा तरी छंद असावा, असं म्हणतात. असं म्हणणारी माणसं बहुधा पेन्शनर असतात. बँकेतल्या कारकुनाचं तसं नसतं. दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजून तो घरी येतो, तेव्हा स्वतःच्या मोजायला त्याला फार वेळ लागत नाही हे खरं. पण उरलेल्या वेळात त्याला गिरणीतून दळण आणायचं असतं, मुलाची गणितं सोडवायची असतात आणि गॅसचा नंबर लावायचा असतो. आमच्या शाखेत छंद असलेला एकच माणूस आहे, तो म्हणजे शिपाई. त्याला रजेचा छंद आहे आणि तो त्याने मनापासून जोपासला आहे.

आमच्या घराण्यात छंद शिरला तो अमेरिकेतून. माझ्या अक्काचा मुलगा न्यू जर्सीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. पूर्वी अमेरिकेहून येणारे लोक चॉकलेटं, अत्तराच्या बाटल्या आणि दाढीची पाती आणायचे. आता हे सगळं नारायणगावच्या बाजारपेठेत मिळतं. मग बिचारे आणणार काय? छंद आणतात. कुणी बर्फात पळायला लागतो, कुणी घरी पाव भाजतो. आमचा भाचा बिअर करतो.

“मामा, सध्या पेल एल करतोय,” एका रविवारी तो फोनवर म्हणाला.

“पेलेल? काय पेलेल?”

“पेलेल नाही हो मामा. पेल एल. बिअरचा एक प्रकार आहे. घरीच करतोय, गॅरेजमध्ये.”

मी आधी उठून दार लावून घेतलं आणि मग आवाज खाली आणला. मला बिअरची भीती वाटते असं नव्हे. पण आमच्या घरात ह्या जातीचा कुठलाही शब्द मोठ्याने उच्चारला जात नाही. दिवाळीत शेजारीपाजारी शोभेची दारू उडवतात. आम्ही ‘शोभेचं सामान’ उडवतो.

ह्याला कारण आहे. अक्काचं सासर आंबेगाव तालुक्यातलं, घोडेगावजवळचं. आमचे भावोजी स्वभावाने सोन्यासारखे होते आणि हातभट्टीच्या नादाने त्या सोन्याची माती झाली. ते गेले तेव्हा भाचा दुसरीत होता. त्यांच्याआधी दोन एकर बागायत रान गेलं होतं. अक्काने नंतर दोन गायी घेतल्या, पहाटे धारा काढल्या, डेअरीला दूध घातलं आणि त्या दुधावर पोराला इंजिनियर केलं. आता त्याच पोराने गॅरेजमध्ये भट्टी लावली, ही बातमी तिच्यापर्यंत पोचवायची तरी कोणी?

“आईला सांगू नका मामा,” भाचा म्हणाला.

“मी कशाला सांगतोय? ती ऐकल्याऐकल्या न्यू जर्सीला चालत यायला निघेल.”

अशा रीतीने बँकेत बावीस वर्षं लोकांच्या खात्यांची गुप्तता पाळणाऱ्या माझ्याकडे आणखी एक खातं उघडलं गेलं.

अमेरिकेत हे सगळं कायदेशीर आहे, हे त्याने मला दोनतीनदा सांगितलं. १९७८ साली जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली आणि घरी पिण्यापुरती बिअर करणाऱ्याला करमाफी मिळाली. कार्टर स्वतः भुईमुगाचे शेतकरी. बिअर आणि खारे शेंगदाणे यांचा संबंध त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. एका सज्ञान माणसाला वर्षाला १०० गॅलन आणि घरात दोन किंवा जास्त सज्ञान माणसं असतील तर २०० गॅलन, अशी मर्यादा आहे. मी लगेच हिशेब केला. २०० गॅलन म्हणजे साधारण ७५७ लिटर. रोजचे दोन लिटर पडले! आमच्याकडे चार माणसांत दूध दीड लिटर येतं आणि त्यातलं अर्धा लिटर पाहुण्यांच्या भीतीने राखून ठेवलेलं असतं.

मग दर रविवारी फोनवर चलच्चित्र सुरू झालं. भाचा पातेल्यासमोर उभा राहून सांगतोय आणि मी न्यू जर्सीच्या वाफेने घामाघूम होतोय. प्रकार असा. जव भिजत घालायचे, त्यांना मोड आणायचे आणि मोड आले की भट्टीत वाळवायचे. ह्याला म्हणतात माल्ट. मंद आचेवर वाळवलं की ते फिकट राहतं आणि त्याची बिअरही सोनेरी, फिकट होते. म्हणून पेल. हे माल्ट भरडून पासष्ट-सदुसष्ट अंश सेल्सियसच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचं. तेवढ्यात धान्यातल्या पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून घ्यायचं, तासभर उकळायचं आणि उकळताना त्यात हॉप्स नावाच्या वेलीची हिरवी, शंकूसारखी फुलं घालायची. कडवटपणा येतो तो त्यांचा. मग ते निववून वीस अंशांवर आणायचं, त्यात यीस्ट सोडायचं आणि आठदहा दिवस झाकून ठेवायचं.

आमची सौभाग्यवती मागे उभी राहून निवडत असलेल्या मेथीसकट हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे. हे तर नाचणीचं सत्त्व झालं. ह्यात नवीन काय?”

“मामी, पुढे आंबवायचं असतं,” भाचा म्हणाला.

“मग अंबील झाली.”

खरं सांगतो, त्या दिवशी मला प्रथम कळलं की मी गेली अठरा वर्षं एका भट्टीत राहतो आहे. आमच्या ओट्यावर इडलीचं पीठ फुगत असतं, फडताळात विरजण लागत असतं, दिवाळीआधी अनारशाचे तांदूळ तीन दिवस पाण्यात आंबत असतात आणि जिलबीचं पीठ तर मुद्दाम खराब होऊ देतात. फरक एवढाच की आमच्या भट्टीत थर्मामीटर नाही. हवा दमट असली की सौभाग्यवती पिठाच्या पातेल्याकडे एकदा बघते आणि “आज लवकर येईल” म्हणते. ते येतं. भाच्याकडे मात्र चार उपकरणं, एक वही आणि एक ॲप आहे. शिवाय तो हायड्रोमीटर नावाची काचेची नळी त्या पाण्यात तरंगवतो. सुरुवातीला आकडा १.०५० असतो, यीस्टने साखर खाल्ली की १.०१० वर येतो. ह्या घसरणीवरून मद्यार्क किती झाला ते काढतात. चाळीस गुणांची घसरण झाली की तिथे आनंद. आमच्याकडे शेअर बाजाराचं असं झालं की मॅनेजर डबा खात नाहीत.

ह्या पेल एलच्या एका प्रसिद्ध जातीच्या नावात चक्क आपला देश आहे, हेही मला भाच्यानेच सांगितलं. इंडिया पेल एल! मला वाटलं आपल्याकडचा एखादा मसाला घालत असतील. तसं काही नाही. ह्या बिअरला आपण फक्त तहान पुरवली. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनजवळ बो इथे हॉजसन नावाच्या गृहस्थांचा बिअरचा कारखाना होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचा धक्का तिथून जवळ. कंपनीचे कप्तान आपल्या खासगी व्यापारासाठी हॉजसनकडून पिंपं भरून घेत आणि कलकत्त्या-मुंबईच्या साहेबांना विकत. चारसहा महिन्यांच्या प्रवासात, दोनदा विषुववृत्त ओलांडून, हॉप्स जास्त घातलेली बिअर टिकायची आणि वर मुरायचीसुद्धा. लोणच्यासारखी.

पण हॉजसनचं खरं मर्म हॉप्समध्ये नव्हतं. तो कप्तानांना वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर माल द्यायचा! हे ऐकल्यावर मला त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली. जगातला कुठलाही मोठा शोध घ्या, बुडाशी कोणीतरी कर्ज दिलेलं असतं. कर्ज देणाऱ्याचा पुतळा मात्र कोणी उभारत नाही. पुढे १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसप नावाच्या बिअरवाल्याने हॉजसनची नक्कल केली. त्याच्या माणसाने पहिला नमुना म्हणे चहाच्या किटलीत करून पाहिला, अशी कथा सांगतात. म्हणजे साहेबाची सुरुवातही स्वयंपाकघरातच झाली. त्या किटलीत नंतर चहा केला की नाही, आणि केला असेल तर त्या दिवशी घरात कोण काय बोललं, ह्याबद्दल इतिहास गप्प आहे.

गेल्या डिसेंबरात भाचा महिन्याभराच्या रजेवर आला. विमानतळावरून आधी माझ्याकडे नारायणगावला. बॅगेतून त्याने एक लांबट पेटी काढली. तिच्यात ती काचेची नळी, थर्मामीटर, रबरी नळ्या, बुचं आणि हॉप्सचं एक पाकीट होतं. शिवाय लोकरीच्या टोपीत गुंडाळलेल्या दोन बाटल्या. त्यांवर त्याने कॉम्प्युटरवर छापून चिकटवलेलं लेबल होतं. देवनागरीत, ठळक अक्षरांत: ‘घोडेगाव पेल एल’.

“मामा, एक घाणा इथे घालू या. विहिरीचं पाणी घेऊन. पाण्यावर सगळं असतं.”

मी कॉमर्सचा पदवीधर. मर्कंटाईल लॉला मला त्रेपन्न मार्क होते. मी त्याला समोर बसवलं आणि मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ समजावून सांगितला. हल्ली त्याला महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, पण नाव बदललं तरी तुरुंग तोच आहे. परवान्याशिवाय कुठलीही दारू तयार करायची नाही, आणि बिअर ही कायद्याच्या दृष्टीने दारूच. घरच्यापुरती, हौसेखातर, विहिरीच्या पाण्याची, असल्या सवलती त्यात नाहीत.

“आणि प्यायला?”

“प्यायला परवाना मिळतो. बिअर-वाईनला वय २१ पूर्ण हवं, बाकीच्याला २५. एक दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, तहहयातही मिळतो.”

“कशासाठी पितो म्हणून लिहायचं?”

“आरोग्य राखण्यासाठी.”

त्याला मी थट्टा करतोय असं वाटलं. पण परवान्याची भाषा खरोखरच तशी आहे. आपल्या सरकारचा माणसाच्या तब्येतीवर फार जीव. ती सांभाळण्यासाठी तुम्ही प्या असं ते लिहून देतं, आणि ती बिघडते असं बाटलीवर छापूनही देतं. दोन्ही कागद जपून ठेवावेत. वसुलीच्या वेळी उपयोगी पडतात.

करता येत नाही म्हटल्यावर भाच्याने दुसरा हट्ट धरला. बघता तरी येईल? तिकडे म्हणे हे लोक सुट्टीच्या दिवशी गावोगावचे छोटे बिअर-कारखाने बघत हिंडतात, आपण अष्टविनायक करतो तसे. “आपल्या जुन्नर-आंबेगावात असं काय आहे?” त्याने विचारलं. मी त्याला लेण्याद्री दाखवलं, ओझर दाखवलं, माणिकडोहचं बिबट्यांचं केंद्र बाहेरून दाखवलं. तो म्हणाला, “हे झालं. पण आंबवण्याचं काय?” मग मी त्याला नाणेघाटात नेलं.

नाणेघाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. भाचा तो बघून ओरडलाच, “मामा, केवढा फर्मेंटर!” मी म्हटलं, “बाबा रे, ही जकातीची पेटी. सातवाहनांच्या काळात कोकणातून वर येणारे व्यापारी यात नाणी टाकायचे, असं सांगतात.” म्हणजे पुन्हा आमचंच खातं. तरी त्याचा तर्क अगदीच वाया जाणारा नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक पुस्तकात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे आणि तिच्या सुरुवातीलाच वाईन आहे. त्यातही इटलीची जास्त पसंत, असा शेरा आहे. आणि जुन्नरच्या लेण्यांत यवनांच्या देणग्यांचे शिलालेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या खोदून दिल्या. चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. पाण्याची सोय झाली, जेवणाची सोय झाली. तिसऱ्या सोयीची नोंद दगडावर नाही. शहाणी माणसं होती.

तिसरी सोय नारायणगावात झाली ती एकोणीसशे ऐंशीच्या दशकात. शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने इथे द्राक्षांची फसफसणारी वाईन काढली आणि ती ‘ओमर खय्याम’ ह्या नावाने परदेशी पाठवली. द्राक्षं जुन्नरकडची, कसब फ्रान्सचं, नाव इराणच्या कवीचं आणि पिणारा इंग्रज. आम्ही शाळेत असताना हे सगळं मोठ्या अभिमानाने पाहुण्यांना सांगत असू. त्यांतल्या एकाही पाहुण्याने ती चाखलेली नसायची, आणि सांगणाऱ्याने तर नाहीच नाही. आमच्या गावाला टोमॅटो ठाऊक, तमाशाच्या राहुट्या ठाऊक, मासवडी ठाऊक. ही वाईन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात आणि गाळ तोंडाशी यावा म्हणून बाटल्या हळूहळू फिरवत उलट्या करतात. पुढे ती कंपनी कर्जात सापडली आणि बंद पडली. बँकेतल्या माणसाने दुसऱ्याच्या कर्जाच्या गोष्टी हायवेवर उभं राहून करू नयेत, म्हणून मी गाडी चालू करायला सांगितली.

शेवटी पुणं गाठलं. राजगुरुनगर, चाकण करत, ट्रकांच्या मागे दोन तास काढून आम्ही मुंढव्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत पोचलो. पुण्यात ह्या प्रकाराची मुहूर्तमेढ २००९ साली ‘डूलाली’ने रोवली. हे नाव ऐकून मी भाच्याला म्हटलं, “काय हे परदेशी नाव!” तर तो म्हणाला, “मामा, हे देवळाली आहे.” नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत गोरे सोजीर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असायचे आणि त्यांची डोकी फिरायची. त्याला ते ‘डूलाली टॅप’ म्हणायला लागले. टॅप म्हणजे आपला ताप. पुढे इंग्रजीत डूलाली म्हणजे वेडसर असाच अर्थ झाला. एका गोष्टीचं मला समाधान वाटलं. साहेबाने आपल्याकडून पुष्कळ नेलं, पण जाताना देवळालीचा तापही नेला.

आत काचेच्या भिंतीपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या होत्या. आमच्या दूध संघात असतात तशाच, फक्त त्यांच्यावर उजेड जास्त. दाढीवाल्या तरुणाने आम्हाला सगळं हिंडवून दाखवलं. पोरगा मोठा गोड होता. हॉप्स बहुतेक परदेशाहून येतात, हे त्याने सांगितलं. ही वेल भांगेच्या कुळातली, हे ऐकून मी खुर्ची जरा मागे घेतली. अर्क काढून उरलेला जवाचा चोथा जनावरांना घालतात, दूध वाढतं, असंही तो म्हणाला. मी वहीत टिपून घेतलं. परतताना वाटेत मसाला दूध प्यायचा आमचा रिवाज आहे. त्या दिवशी मी गवळी कुठला ते विचारून घेतलं.

मग लाकडाच्या फळीवर सहा छोटे ग्लास आले. बालवाडीत डोस पाजतात तेवढे. मी पेल एलचा ग्लास उचलला. लहानपणी ताप आला की आई काडेचिराइताचा काढा पाजायची, ती चव पस्तीस वर्षांनी भेटली. फरक एवढाच की आई नाक धरून पाजायची आणि वर गुळाचा खडा द्यायची. इथे वर बिल देतात. ज्या दिवशी टोमॅटोचा भाव पडलेला असतो, त्या दिवशी तेवढ्या पैशांत नारायणगावात टेम्पो हलवता येतो.

“कडू आहे,” मी म्हटलं.

“तीच तर गंमत आहे,” दोघं एकदम म्हणाले.

“कडूच हवं तर हिरडा घाला. आमच्या आंबेगावच्या पश्चिमेला डोंगरभर आहे. आदिवासी वेचून आणतात, त्यांना दोन पैसे मिळतील.”

दाढीवाल्या पोराने ताबडतोब मोबाईलमध्ये लिहून घेतलं. हिरड्याचा दुसऱ्या दिवशी सकाळी पोटावर काय परिणाम होतो, ते त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही अक्काकडे गेलो. पेटी आणि बाटल्या माझ्या घरी ठेवाव्यात असं मी सुचवलं होतं. पण सौभाग्यवतीने “माझ्या माळ्यावर नको” असं म्हणून सगळं सामान गाडीत चढवलं. आणि जे व्हायचं ते झालं. आम्ही अंगणात गप्पा मारत बसलो असताना अक्काने पोराचे कपडे धुवायला काढावेत म्हणून बॅग उघडली. थोड्या वेळाने ती बाहेर आली. हातात ती काचेची नळी.

“लॅक्टोमीटर आणलंस होय रे?” तिचा चेहरा फुलला होता. “तिथे सुद्धा दूध मोजून घेतोस?”

डेअरीत पंचवीस वर्षं दूध घातलेली बाई. तरंगणारी नळी तिला नवीन नव्हती. तिने लगेच चरवीतलं दूध उंच ग्लासात ओतलं आणि नळी सोडली. आकडा आला १.०३०. “बघ,” ती मला म्हणाली, “थेंबभर पाणी नाही.” भाचा माझ्याकडे बघत होता. मी आभाळाकडे बघत होतो.

मग ती आत गेली आणि दोन्ही बाटल्या घेऊन आली. लेबल तिने वाचलेलं होतं. अर्थ कळला नव्हता, पण गावाचं नाव आणि बाटलीचा आकार एवढं तिला पुरे होतं.

“हे काय आहे?”

भाच्याने सांगितलं. सगळं. जव, माल्ट, हॉप्स, यीस्ट, गॅरेज. कोर्टात देतात तसा त्याने जबाब दिला. अक्का ओसरीवर बसून विरजण लावत होती, ते तिने थांबवलं नाही. दुधात करंगळी बुडवून बघितली, थोडं थांबली, परत बुडवली. भाच्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने खिशातला थर्मामीटर काढून त्या दुधात धरला.

“त्रेचाळीस,” तो म्हणाला. “आई, बरोब्बर त्रेचाळीस. पुस्तकात हेच लिहिलंय.”

“माझ्या सासूच्या बोटात होतं, तिथून माझ्या बोटात आलं,” अक्का म्हणाली. “पुस्तकवाल्याच्या कुठून आलं ते त्याला विचार.” तिने विरजण घातलं, झाकण ठेवलं आणि मग बाटलीकडे बोट केलं. “हे किती दिवसांनी पिता?”

“तीन-चार आठवडे लागतात.”

“तोवर कुणी हात लावत नाही?”

“लावून उपयोग नाही, आई. आधी उघडली तर चव येत नाही. थांबावं लागतं.”

“आणि झाल्यावर?”

“शनिवारी एखादी. बाकीच्या मित्रांना वाटतो.”

अक्का बराच वेळ बोलली नाही. गोठ्यातली गाय खाकरली तेवढीच.

“तुझ्या बापाला हे जमलं नसतं,” ती म्हणाली. “त्याला संध्याकाळपर्यंत दम निघायचा नाही.”

वीस-बावीस वर्षांत तिने भावोजींचा विषय स्वतःहून काढल्याचं मला आठवत नाही. भाचा खाली मान घालून त्या थर्मामीटरवरचा दुधाचा थेंब पुसत बसला. ह्या प्रसंगी काहीतरी बोलावं म्हणून मी घसा साफ केला, तर अक्काने माझ्याकडे असं बघितलं की मी तो साफ घसा तसाच ठेवला.

“एक बाटली तुझ्या मामाला दे,” ती उठत म्हणाली, “त्याला काल पुण्यात कमी पडली असेल.” तिला हे कसं कळलं, हे मी अजून विचारलेलं नाही. “दुसरी राहू दे इथे. आणि इथे असलं काही करायचं नाही. तिकडे तुझं तू बघ. तू वही ठेवतोस ना, त्यात तारीख लिहीत जा. कधी रोजची तारीख पडायला लागली तर मला फोन कर.”

दुसरी बाटली तिने देवळीवरच्या फडताळात ठेवली. आडवी.

“आई, ती उभी ठेव,” भाचा म्हणाला. “वाईनची आडवी ठेवतात. ह्याच्यात यीस्टचा गाळ असतो, तो खाली बसला पाहिजे.”

आता अक्काला हे सांगण्यात अर्थ नव्हता. काही वर्षांपूर्वी त्यांच्या गावातल्या बायकांनी दारूचं दुकान हटवायला मतदान मागितलं होतं. तुम्हाला ठाऊक असेल, त्या मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. अक्का सकाळी सात वाजता रांगेत पहिली होती, आणि नंतर शाई लावलेलं बोट तिने आठवडाभर विरजणात बुडवलं नव्हतं.

“ह्या घरात बाटली आडवीच राहील,” ती म्हणाली.

“गाळ वर येईल आई.”

“येऊ दे. बसेल परत. मला सवय आहे.”

भाचा जानेवारीत परत गेला. हॉप्सचं पाकीट सौभाग्यवतीने धान्यात किडा होऊ नये म्हणून ज्वारीच्या कोठीत टाकलंय आणि काचेची नळी अक्काने ठेवून घेतली आहे. डेअरीतल्या लॅक्टोमीटरवर तिचा फारसा विश्वास कधीच नव्हता. माझ्या वाटणीची बाटली मी प्यायलो की नाही, ते माझं आणि माझ्या आरोग्याचं खासगी खातं आहे.

भाचा दर रविवारी आईला फोन करतो. तब्येत, गायी, पाऊसपाणी सगळं झालं की शेवटी हळूच विचारतो, “आणि ती बाटली कशी आहे?”

“निजलीय,” अक्का सांगते.